भाड्याच्या गाळ्यात आगीपासून संरक्षणाची कायदेशीर जबाबदारी नेमकी कोणाची?

गाळा_नंबर_पाच

सर्व सभासदांना नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका दुमजली इमारतीत पहिल्या मजल्यावरचा गाळा मी गेली सहा वर्षे भाड्याने चालवतो. आमच्याकडे ईपीई फोम (पॅकिंगसाठीचा पॉलिथिलीनचा मऊ फोम) आणि थर्माकोल कापून यंत्रांच्या सुट्या भागांसाठी पॅकिंग तयार केले जाते. दोन पाळ्यांत मिळून सव्वीस माणसे कामाला असून त्यांत निम्म्याहून अधिक महिला आहेत.

या महिन्यात विम्याचे नूतनीकरण करताना विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने आगविषयक ‘बी फॉर्म’, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, मागितला. मी मालकांना फोन केला, तेव्हा त्यांनी भाडेकराराचे अकरावे कलम वाचायला सांगितले. त्यात ‘सर्व शासकीय परवानग्या व पूर्तता भाडेकरूने स्वखर्चाने कराव्यात’ असे एक ओळीचे वाक्य आहे. मात्र पाण्याची टाकी, पंप आणि हायड्रंटची (आग विझवण्याच्या नळांची) लाइन इमारतीची सामाईक आहे आणि पंपघराची किल्ली मालकांच्या माणसाकडे असते. इमारतीच्या मागे एक लोखंडी जिना आहे, पण त्याच्या खालच्या दाराला तळमजल्यावरच्या गाळेधारकाने कुलूप लावले असून दारासमोर लाकडी पॅलेट रचून ठेवले आहेत. विचारले तर ते म्हणतात की भंगारवाले चोऱ्या करतात, म्हणून कुलूप आवश्यक आहे.

पंप माझा नाही, जिना माझ्या ताब्यात नाही, पण कागदावर सही मात्र मी करायची, हा प्रकार मला उमगत नाही. कायद्याने जबाबदार कोण, आणि जानेवारी संपायला बारा दिवस उरले असताना मी सर्वप्रथम काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

शिंगाडा_तलाव

आपल्या शीर्षकातील ‘कोणाची’ हा शब्द एकवचनी आहे आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मी अग्निशमन सेवेत एकतीस वर्षे होतो. आग विझल्यावर पंचनाम्याच्या वेळी मालक भाडेकरूकडे, भाडेकरू व्यवस्थापकाकडे आणि व्यवस्थापक रखवालदाराकडे बोट दाखवतो, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की आपला प्रश्न आग लागण्यापूर्वी विचारला गेला याचेच मला समाधान वाटते.

आपल्या राज्यात यासाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा स्वतंत्र कायदा आहे आणि तो ६ डिसेंबर २००८ पासून अंमलात आहे. त्याच्या कलम ३ मध्ये विकासक, मालक आणि भोगवटादार अशा तिघांचाही उल्लेख आहे. भोगवटादार या शब्दात भाडे देणारा किंवा भाडे देण्यास बांधलेला माणूस येतो, परवान्यावर जागा वापरणारा येतो, आणि स्वतःच्या जागेत स्वतः बसणारा मालकही येतो. म्हणजे आपण भोगवटादार आहात आणि भाडे घेणारे आपले गृहस्थ मालक आहेत. कायद्याच्या नजरेतून दोघांपैकी कोणीही सुटत नाही.

अकराव्या कलमाचे म्हणाल, तर भाडेकराराने खर्च कोणी करायचा हे ठरवता येते. कायद्याने अंगावर टाकलेले कर्तव्य दोन माणसांना आपसांत करार करून एकाच्याच गळ्यात बांधता येत नाही. उद्या दुर्घटना घडली, तर मालकांना तो करार दाखवून आपल्याकडून नुकसानभरपाई मागता येईल कदाचित, पण मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नोटिशीला उत्तर म्हणून तो करार चालणार नाही.

दिल्लीतील उपहार चित्रपटगृहाच्या आगीत १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. पुढे न्यायालयांत मालकांच्या बाजूने एक युक्तिवाद सातत्याने मांडला गेला तो हा की रोजच्या कारभाराशी आमचा संबंध नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दोषसिद्धी कायम ठेवताना कागदावरच्या पदापेक्षा त्या वास्तूवर प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे होते, याला महत्त्व दिले. तिथे जादा खुर्च्या बसवण्यासाठी बाहेर पडण्याची वाट अडवण्यात आली होती. आपल्या मागच्या दारासमोरचे पॅलेट वाचताना मला तीच वाट आठवली.

परवानाधारक_नाशिक

साहेबांनी कायदा सांगितलाच आहे. मी परवानाधारक एजन्सीत काम करत असल्यामुळे बी फॉर्मविषयी लिहितो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत.

अधिनियमाच्या कलम ३(३) नुसार दोन वेगळी प्रमाणपत्रे आहेत. यंत्रणा पहिल्यांदा बसवल्यावर, ती नियमाप्रमाणे बसवली आहे असे परवानाधारक एजन्सी ‘ए फॉर्म’मध्ये लिहून देते. त्यानंतर यंत्रणा चालू स्थितीत आहे असे सांगणारा ‘बी फॉर्म’ वर्षातून दोन वेळा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावा लागतो. तो एजन्सीने द्यायचा असला तरी अग्निशमन अधिकाऱ्यांकडे सादर करण्याचे कर्तव्य मालकाचे किंवा भोगवटादाराचे आहे. एजन्सी विसरली, ही सबब ग्राह्य धरली जात नाही. एजन्सीचा परवाना राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाने दिलेला असावा लागतो. दाराशी येऊन सिलिंडर भरून देणारा प्रत्येक माणूस परवानाधारक असतोच असे नाही, हेही तपासून घ्यावे.

आपला भूखंड एमआयडीसीचा असेल, तर इमारतीचा नकाशा आणि आगविषयक ना-हरकत दाखला एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाचा असतो, महापालिकेचा नव्हे. अंबड-सातपूर भाग महापालिकेच्या हद्दीत असल्यामुळे अनेक जण शिंगाडा तलावावरील महापालिकेच्या अग्निशमन मुख्यालयात चकरा मारून परत येतात. आपला गाळा पोटभाड्याने दिलेला असेल, तर त्यालाही एमआयडीसीची परवानगी लागते. ती नसल्यामुळेच काही मालक भाडेकरूला सरकारी कचेरीत पाठवायला कचरतात, हे माझे निरीक्षण आहे. आपल्या मालकांचे तसेच असेल असे मी म्हणत नाही.

कायद्यात ‘इमारत किंवा तिचा भाग’ असे शब्द आहेत. त्यामुळे आपल्या गाळ्यातील अग्निशामके, होज रील (गुंडाळलेली पाण्याची नळी), अलार्म यांचे प्रमाणपत्र आपण घेऊ शकता, आणि टाकी, पंप, हायड्रंट, जिने यांचे मालकांनी घ्यावे. मात्र पंप न पाहता मी केवळ तुमच्या गाळ्याचा फॉर्म दिला, तर विझवायला पाणीच येणार नसलेल्या जागेला मी सुस्थितीचा दाखला दिल्यासारखे होईल.

मालक_आहे_म्हणून

मी स्वतः सातपूरमध्ये चार गाळ्यांचा मालक आहे आणि या धाग्यात मालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात आहे असे मला दिसते, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मी गाळे दिले तेव्हा प्रत्येक गाळ्यात दोन दारे होती. एका भाडेकरूने मागचे दार आतून पत्रा ठोकून बंद केले आणि तिथे कॉम्प्रेसर बसवला. दुसऱ्याने मला न विचारता लोखंडी पोटमाळा उभारून त्यावर छतापर्यंत खोकी भरली. तिसऱ्याने एका मीटरवरून मंजूर भाराच्या दुप्पट यंत्रे चालवली आणि वायरिंग तापू लागल्यावर फ्यूजऐवजी जाड तार लावली. मी वर्षातून दोनदा जाऊन पाहू म्हटले, तर ‘आमच्या कामात ढवळाढवळ करू नका’ असे ऐकावे लागते. ज्या गोष्टी माझ्या नजरेआड घडतात त्यांना मी जबाबदार कसा, आणि एजन्सीवाल्यांविषयी बोलायचे तर गेल्या वर्षी एका माणसाने जागेवर न येताच तीन हजारांत फॉर्म पाठवतो असे मला फोनवर सांगितले होते. असले कागद कोणाला वाचवणार आहेत?

परवानाधारक_नाशिक

आपली चीड मी समजू शकतो, कारण असल्या माणसांमुळे प्रामाणिक काम करणाऱ्यांचा दर पडतो. प्रत्यक्ष पूर्तता किंवा देखभाल झालेली नसताना प्रमाणपत्र देण्यास याच अधिनियमाने एजन्सीला मनाई केली आहे. तीन हजारांचा तो कागद घेणारा माणूस यंत्रणा बंद असल्याची माहिती स्वतःच नोंदवून ठेवत असतो, कारण आगीनंतर तपासात पहिला प्रश्न हाच येतो की जानेवारीत सुस्थितीत असलेला पंप मार्चमध्ये गंजलेला कसा सापडला.

जागेवर गेल्यावर आम्हाला काय आढळते ते सांगतो. हायड्रंटच्या लाइनमध्ये सतत दाब राहावा म्हणून जॉकी पंप नावाचा छोटा पंप असतो; दाब थोडा उतरला की तो चालू होतो, आणि कोणी खरोखर नळ उघडून दाब एकदम पडला की मुख्य पंप आपोआप सुरू होतो. लाइनला कुठे गळती असली की जॉकी पंप दर दहा मिनिटांनी घुरघुरतो, रात्रपाळीच्या रखवालदाराची झोप मोडते आणि तो पॅनेलचा खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर नेऊन ठेवतो. पुढे कित्येक महिने तो तिथेच राहतो. मी पंपघरात शिरलो की सर्वप्रथम तो खटका पाहतो.

दुसरे म्हणजे वीज. आग लागली की माणसे पहिल्यांदा मुख्य स्विच पाडतात, आणि ते बरोबरच आहे. पण आगीच्या पंपाची वीज त्याच स्विचच्या पुढून घेतलेली असेल, तर पंपही बंद पडतो. पंपाची जोडणी मुख्य स्विचच्या आधीच, स्वतंत्र घेतलेली असावी लागते, आणि डिझेल पंप याच कारणासाठी असतो. तो असला तरी त्याची बॅटरी उतरलेली असणे ही जवळपास नेहमीची गोष्ट आहे. तिसरे म्हणजे होजबॉक्समधले (नळी ठेवण्याच्या पेटीतले) नोझल गनमेटल या धातूचे असल्यामुळे भंगारात विकण्यासाठी चोरीला जाते आणि पेटी बाहेरून लाल, नीटनेटकी दिसत राहते. गाळा नंबर पाच यांनी पंपघराची किल्ली मागून घ्यावी आणि लेखी मागावी.

सिन्नर_सुरक्षा_अधिकारी

मी सिन्नरजवळच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. इथपर्यंत चर्चा २००६ च्या अधिनियमाची झाली. परंतु जिथे कामगार आहेत तिथे कारखाने कायद्याचेही बंधन आहे आणि ते त्याहून जुने आहे.

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये भोगवटादार म्हणजे कारखान्याच्या कारभारावर अंतिम नियंत्रण असलेली व्यक्ती, आणि कंपनी असेल तर तिचा एखादा संचालक. कलम ३८ ने त्याच्यावर तीन गोष्टी टाकल्या: आग लागू नये व पसरू नये याची काळजी, सर्वांना सुखरूप बाहेर पडण्याची वाट, आणि विझवण्याची साधने. त्याच कलमात पुढे असेही आहे की प्रत्येक कामगाराला बाहेर पडण्याच्या वाटा परिचित असल्या पाहिजेत आणि अशा वेळी काय करायचे याचे पुरेसे प्रशिक्षण त्याला मिळालेले असले पाहिजे. लोक सिलिंडर टांगतात आणि हे वाक्य विसरतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यवसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि १९४८ चा कायदा तिच्यात सामावला गेला. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर गेली, मात्र आपले सव्वीस असल्यामुळे आपण आतच आहात. कामगार वीसपेक्षा कमी झाले तरी २००६ चा अधिनियम सुटत नाही, कारण तो माणसे मोजत नाही, इमारतीचा वापर पाहतो.

‘मालक आहे म्हणून’ यांच्यासाठी एक तरतूद मुद्दाम सांगतो. एकाच इमारतीतील स्वतंत्र मजले किंवा गाळे वेगवेगळ्या भोगवटादारांना कारखाना म्हणून भाड्याने दिलेले असतील, तर सामाईक जिने व येण्याजाण्याच्या वाटा सुस्थितीत ठेवणे आणि आगीबाबतची खबरदारी यासाठी इमारतीचा मालक जणू स्वतःच भोगवटादार किंवा व्यवस्थापक असल्याप्रमाणे जबाबदार धरला जातो. जुन्या कायद्यात हे कलम ९३ मध्ये होते आणि नव्या संहितेनेही ते ठेवले आहे. या धाग्यातील लोखंडी जिना म्हणजे या कलमाचे जिवंत उदाहरण होय.

आता फोमविषयी, कारण त्याची मला अधिक चिंता वाटते. ईपीई फोम तयार करताना तो फुगवण्यासाठी ब्यूटेनसारखा ज्वलनशील वायू वापरतात आणि ताज्या रोलमधून तो काही दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. नवा माल आल्याबरोबर बंद खोलीत छतापर्यंत रचला आणि त्याच खोलीत तापलेल्या तारेने कापणी सुरू केली, तर ठिणगी शोधायला लांब जावे लागत नाही. माल उतरल्यावर तो हवेशीर जागी काही दिवस ठेवावा, गरम तारेचे टेबल साठ्यापासून दूर आणि शक्य तर वेगळ्या भिंतीआड असावे, कापलेले तुकडे प्रत्येक पाळीच्या शेवटी उचलले जावेत. थर्माकोल व फोम पेटल्यावर ज्वाळा पोहोचण्याआधी काळा, दाट धूर खोली भरतो आणि वितळलेले थेंब खाली पडून आग पसरवतात. आपल्या पहिल्या मजल्यावरील माणसांना निघण्यासाठी एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळेल असे गृहीत धरू नये.

शरणपूर_रोडवरून

मी कारखान्यात नाही, शरणपूर रोडवरील एका व्यापारी संकुलात चौथ्या मजल्यावर आमच्या कार्यालयाची प्रशासन व्यवस्था पाहते. सव्वाशे माणसे काम करतात. वाचताना सारखे आमचेच संकुल डोळ्यांसमोर येत होते. जिन्याखालच्या मीटररूममध्ये जुनी बॅनर आणि रंगाचे डबे आहेत, गच्चीचे दार बंद असते, आणि प्रत्येक मजल्यावरचे जाड अग्निरोधक दार पाण्याच्या जारने उघडे अडकवून ठेवलेले असते कारण ते आपोआप मिटते याचा लोकांना कंटाळा येतो. कार्यालय आम्ही विकत घेतलेले आहे आणि संकुलात गाळेधारकांची संघटना आहे. माझ्यासारख्या पगारी कर्मचाऱ्यावर यातले काय येते, हे कोणी सांगू शकेल का?

शिंगाडा_तलाव

ताई, ते दार आपोआप मिटावे म्हणूनच बसवलेले असते. जिना हा धूर नसलेला बोगदा राहावा ही त्यामागची कल्पना आहे. एका मजल्यावरचे दार उघडे राहिले तर तोच जिना धुराडे बनतो आणि वरच्या सर्व मजल्यांची वाट बंद होते. पाण्याचे जार आज संध्याकाळीच हलवा, त्यासाठी संघटनेच्या बैठकीची वाट पाहू नका.

जबाबदारीचे उत्तर असे की कार्यालयाच्या आतला भाग आपल्या कंपनीचा, आणि जिने, मीटररूम, गच्ची, पंप या सामाईक गोष्टी संघटनेच्या. संघटना म्हणजे त्यातील गाळेधारकच असल्यामुळे आपली कंपनी दोन्हीकडे आहे. आपण स्वतः मालकही नाही आणि भोगवटादारही नाही. पण कंपनीने आपल्याला लेखी आदेशाने आगविषयक काम सोपवले असेल, तर दोष दिसूनही तो वर कळवला नाही याचा जाब आपल्यालाही विचारला जाईल. म्हणून दिसले ते संचालकांना आणि संघटनेच्या सचिवांना ईमेलने कळवत जा. गच्चीच्या दाराला कुलूप हवेच असेल, तर आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी बसवता येते.

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ च्या चौथ्या भागाप्रमाणे कार्यालयात बसलेल्या माणसाला बाहेर पडण्याच्या दारापर्यंत ३० मीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये, आणि दार किमान एक मीटर रुंद व बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. आमच्या अधिनियमाने ही संहिता अंगीकारली असल्यामुळे तिचे मापदंड सल्ल्यापुरते राहत नाहीत. फर्निचर बदलताना, केबिन वाढवताना ही अंतरे बदलतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. टेप घेऊन एकदा स्वतः मोजा.

‘मालक आहे म्हणून’ यांनी विचारले की नजरेआड घडते त्याला ते जबाबदार कसे. त्यांच्या रागात तथ्य आहे. यंत्रणेत फेरफार करणे, ती काढून टाकणे किंवा बिघडवणे याला अधिनियमाने सर्वांनाच मनाई केली आहे, त्यात दार पत्र्याने ठोकणारा भाडेकरूही येतो. तरीही मालकाला भाडेकरारात तपासणीचा हक्क राखून ठेवता येतो, फेरफार आढळल्यास नोटीस देता येते, आणि ती नोटीसच पुढे त्याचा बचाव ठरते. पोटमाळा पाहून भाडे वाढवून घेणारे मालकही मी पाहिले आहेत. उल्लंघनासाठी मूळ अधिनियमात किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास, तसेच वीस हजार ते पन्नास हजार रुपये दंड सांगितला आहे. त्याखेरीज नोटीस मिळूनही त्रुटी दूर न झाल्यास वीज व पाणी तोडण्याचे आणि जागा मोहोरबंद करण्याचे अधिकार आहेत. माझ्या अनुभवात दंडापेक्षा वीज तोडण्याच्या पत्राने कामे लवकर होतात.

मालक_आहे_म्हणून

कलम ९३ मला ठाऊक नव्हते, हे मोकळेपणाने कबूल करतो. परंतु भाडेकरूने तपासणीला दार उघडले नाही तर काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. नवे करार करताना तपासणीचा हक्क लिहीन. चालू करारांचे काय करायचे ते वकिलांना विचारीन. एक गोष्ट मात्र विचारायची आहे. दोन गाळ्यांत दर्शनी बाजूला फक्त शटर आहे आणि भाडेकरू म्हणतो की बारा फुटांचे शटर असताना वेगळ्या दाराची गरज काय. हे बरोबर आहे का?

सिन्नर_सुरक्षा_अधिकारी

बरोबर नाही. गुंडाळणारे किंवा सरकणारे शटर बाहेर पडण्याचे दार म्हणून इमारत संहिता मोजत नाही. विजेवर चालणारे असेल तर वीज गेल्यावर अडकते, हाताचे असेल तर घाबरलेल्या माणसाला ते उचलता येत नाही, आणि रात्रपाळीत ते बाहेरून कुलूप लावून बंद केलेले असते. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून सहा कामगारांचा मृत्यू झाला, तेव्हा ते आतच झोपलेले होते. १८ मे २०२५ रोजी सोलापुरात टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले आणि त्यांत मालक स्वतः होते. कामगार किंवा कुटुंब गाळ्यात मुक्कामाला असेल, तर सर्व हिशेब बदलतो, कारण झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करत नाही. शटरमध्येच एक छोटे, आतून सहज उघडणारे दार बसवून घेता येते, पण दुसऱ्या बाजूच्या वाटेला तो पर्याय नव्हे.

१ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरी तालुक्यातील मुंढेगावच्या कारखान्यातील आगीचा धूर महामार्गावरून दिसत होता. मोठ्या कारखान्यांची अशी आग सर्वांच्या लक्षात राहते. आपल्या लहान गाळ्यांतली आग वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते, आणि तिथे अनेकदा हायड्रंटही नसतो.

सरावाविषयी थोडे लिहितो. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताहात अनेक ठिकाणी अंगणात डबा पेटवून सिलिंडर मारून दाखवतात आणि फोटो काढतात. त्याने सिलिंडरची पिन कशी काढावी ते कळते, वाट कळत नाही. आमच्याकडे सरावाच्या दिवशी मुख्य दार बंद आहे असे गृहीत धरायला सांगतो आणि सर्वांना मागच्या वाटेने काढतो. पहिल्यांदा केले तेव्हा तिघी जणींना मागची वाट आहे हेच माहीत नव्हते, आणि त्या चार वर्षांपासून कामाला होत्या. दुसरे असे की हजेरीचे यंत्र वीज गेल्यावर बंद पडते, त्यामुळे पाळीच्या सुरुवातीला छापलेली यादी रखवालदाराकडे असावी. बाहेर आल्यावर माणसे मोजता आली नाहीत तर कोणी तरी पुन्हा आत शिरतो. सरावाची तारीख, वेळ, लागलेली मिनिटे आणि आढळलेले दोष नोंदवहीत लिहून सह्या घ्याव्यात.

गाळा_नंबर_पाच

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांत जे घडले ते नोंदवतो.

पहिल्या दिवशी टेप घेतला. कापणीच्या टेबलापासून मागच्या जिन्यापर्यंत एकोणीस मीटर अंतर निघाले, म्हणजे अंतराची अडचण नव्हती. पण वाटेत रोलची रांग असल्यामुळे चालायला जेमतेम दीड फूट जागा होती. रोल पुढच्या बाजूला हलवले आणि जमिनीवर पिवळे पट्टे मारले. नवा माल आता गाळ्यात न आणता बाहेरच्या शेडमध्ये चार दिवस ठेवतो आणि गरम तारेच्या टेबलाभोवती सिमेंट बोर्डाची भिंत उभी केली आहे.

मालकांना व खालच्या गाळेधारकांना नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवले. त्यात सिन्नरच्या साहेबांनी सांगितलेले कलम, मागच्या दाराचे छायाचित्र आणि पंपघराच्या किल्लीची मागणी होती. खालच्यांनी दोन दिवस बोलणे टाळले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना चहाला वर बोलावले आणि आमच्या कामगार महिलांसमोर मागच्या जिन्याने उतरायला सांगितले. ते खालच्या दारापर्यंत गेले आणि स्वतःच्याच कुलुपाशी थांबले. पॅलेट त्याच दुपारी हलले. चोरीची त्यांची भीती खोटी नाही, म्हणून बाहेरून न उघडणारा आणि आतून दांडी दाबताच उघडणारा पॅनिक बार निम्म्या-निम्म्या खर्चात बसवला.

पंपघर उघडले तेव्हा खटका ‘मॅन्युअल’वर होता. डिझेल इंजिनाची बॅटरी जागेवर नव्हती. ती कोणाच्या तरी टेम्पोला लागलेली आहे असे मालकांच्या माणसाने सांगितले. एजन्सीने त्रुटींची यादी दिली आणि त्या दूर झाल्याशिवाय बी फॉर्म देणार नाही असे स्पष्ट कळवले. विमा कंपनीकडून मी पंधरा दिवसांची मुदत लेखी मागून घेतली आहे.

शनिवारी पहिला सराव घेतला. दोन्ही पाळ्यांतील सर्व सव्वीस जणांना मागच्या जिन्याने उतरायला चार मिनिटे दहा सेकंद लागले, कारण जिन्याची दुसरी पायरी गंजून हलते आणि तिथे प्रत्येक जण थांबत होता. सोमवारी वेल्डर येणार आहे. वेल्डिंग करताना फोम किती लांब हलवावा आणि किती वेळ माणूस पहाऱ्यावर ठेवावा, हे कोणी सांगितले तर बरे होईल.

सिन्नर_सुरक्षा_अधिकारी

शक्य असल्यास पायरी उतरवून घ्या आणि वेल्डिंग इमारतीबाहेर मोकळ्या जागेत करून घ्या. जागेवरच करावे लागले, तर चारी बाजूंनी किमान अकरा मीटरपर्यंत फोम, थर्माकोल, कागद काहीही ठेवू नका, भिंतीतील फटी अग्निरोधक कापडाने झाका, पाण्याची बादली आणि अग्निशामक घेऊन एक माणूस उभा करा आणि काम संपल्यावर त्याला किमान तासभर तिथून हलू देऊ नका. ठिणगी फटीत शिरून दुपारभर धुमसते आणि पाळी सुटल्यावर पेटते. त्या दिवशी दुसऱ्या पाळीत गाळा रिकामा असेल, तर संध्याकाळी एक फेरी आपण स्वतः मारा.

गाळा_नंबर_पाच

पायरी उतरवून घेतो. दुसऱ्या पाळीला सोमवारी सुटी दिली आहे. मालकांचा आत्ताच फोन आला होता. बॅटरी उद्या परत बसवतो म्हणाले, आणि जिन्याचे बिल त्यांच्या नावाने करायला सांगितले.